स्वयंपाकघरात लपवलेली आजी : आफ्रो-लॅटिना कवितेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पॅनिश शिकताना मी या कवितांपाशी पोचले आणि तिथेच रेंगाळले. त्यांच्याबद्दल बोलायला लागलं की मराठी वाचक साधारण तेच ते प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवते आहे. काही लांबली आहेत, कारण तिथे थांबावंसं वाटलं.

'आफ्रो-लॅटिना' म्हणजे नेमकं कोण?

लॅटिन अमेरिकेत किंवा कॅरिबियन बेटांवर मुळं असलेली, आफ्रिकी वंशाची स्त्री. ती क्युबात राहत असेल, पेरूत असेल, ब्राझीलमध्ये असेल, नाहीतर न्यू यॉर्कमध्ये जन्मलेली असेल. 'लॅटिना' हा शब्द मुख्यतः अमेरिकेतल्या स्थलांतरितांमध्ये रुळला. हवानात राहणारी कवयित्री स्वतःला आधी क्युबन म्हणेल. 'लॅटिना' म्हटल्यावर सिनेमांमुळे आपल्या डोळ्यांसमोर उजळ वर्णाची, मोकळ्या केसांची बाई येते. या कवितांचं भांडण थेट त्या चित्राशी आहे.

लॅटिन अमेरिकेत आफ्रिकी वंशाचे लोक इतके आहेत?

आहेत, आणि आपल्याला वाटतं त्याहून कितीतरी जास्त. अटलांटिक गुलाम व्यापारात सुमारे सव्वा कोटी माणसं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजांत कोंबली गेली. पलीकडच्या किनाऱ्यावर जिवंत उतरली ती एक कोटी सात लाखांच्या आसपास. त्यांतली जवळजवळ अर्धी, म्हणजे अठ्ठेचाळीस लाखांहून अधिक, एकट्या ब्राझीलमध्ये गेली. आजच्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत थेट उतरवलेल्यांची संख्या चार लाखांच्या आत आहे. 'गुलामगिरी' म्हटलं की आपल्याला कापसाचं शेत आठवतं, पण आकड्यांनी पाहिलं तर आधी उसाचा मळा आठवायला हवा.

कायद्याने गुलामगिरी संपली ती पेरूत १८५४ साली, प्वेर्तो रिकोत १८७३, क्युबात १८८६ आणि ब्राझीलमध्ये सगळ्यांच्या शेवटी, १३ मे १८८८ रोजी. आज ज्या कवयित्री सत्तरी-ऐंशीत आहेत, त्यांच्या पणजीच्या आयुष्यात हे घडलेलं असू शकतं.

तिथे तर सगळेच मिश्र वंशाचे आहेत ना? मग 'मी काळी' असं वेगळं म्हणायचं कारण काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि या कवितेचं मूळही इथेच आहे.

लॅटिन अमेरिकेतल्या बहुतेक देशांनी विसाव्या शतकात स्वतःबद्दल एक गोष्ट रचली: आमच्याकडे युरोपी, मूलनिवासी आणि आफ्रिकी रक्त एकत्र आलं, त्यातून नवी माणसं झाली, म्हणून आमच्याकडे वंशभेद नाही. ऐकायला ही गोष्ट गोड आहे. घरात मात्र वेगळीच भाषा चालायची. मुलीने आपल्यापेक्षा उजळ मुलाशी लग्न केलं की 'वंश सुधारला' म्हणायचं. कुरळ्या, दाट केसांना 'पेलो मालो', म्हणजे सरळसरळ 'वाईट केस' म्हणायचं. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये तर गडद वर्णाच्या माणसाच्या ओळखपत्रावर वर्षानुवर्षं 'इंदियो' लिहिलं जायचं, म्हणजे मूलनिवासी. 'काळा' हा शब्द शेजारच्या हैतीच्या लोकांसाठी राखून ठेवलेला होता.

प्वेर्तो रिकोच्या फोर्तुनातो व्हिस्कार्रोंदो या कवीची १९४२ मधली एक कविता तिकडे म्हणीसारखी झाली आहे. गोरेपणाचा तोरा मिरवणारा एकजण काळ्या माणसाला हिणवतो. काळा माणूस शांतपणे विचारतो: अरे, तुझी आजी कुठे आहे? आजी असते आत, स्वयंपाकघरात. ती काळी आहे, म्हणून पाहुणे आले की तिला बाहेर येऊ देत नाहीत. पेरूत अशाच अर्थाची एक म्हण आहे: ज्याच्यात 'इंगा' नाही त्याच्यात 'मांदिंगा' आहे. म्हणजे इंका रक्त नसेल, तर आफ्रिकी असणारच.

तर 'मी काळी आहे' असं म्हणणं म्हणजे त्या आजीला हाताला धरून बैठकीत आणून बसवणं. मिश्रणाला या कवयित्रींचा विरोध नाही. मिश्रणाच्या नावाखाली कोणाला लपवलं गेलं, एवढंच त्या विचारतात.

जनगणनांकडे पाहिलं तरी हे दिसतं. मेक्सिकोने २०२० च्या जनगणनेत आफ्रो-मेक्सिकन लोकांना स्वतःची नोंद करायची संधी दिली, तेव्हा २५ लाख ७६ हजारांहून अधिक लोकांनी ती केली. पेरूत २०१७ साली सव्वाआठ लाखांहून अधिक लोकांनी स्वतःला आफ्रिकी वंशाचं म्हटलं. माणसं आधीपासून तिथेच होती, त्यांना विचारलं नव्हतं.

काळ्या जीवनावर पुरुष कवींनी आधीच लिहिलं होतं. स्त्रियांनी वेगळं काय केलं?

१९२० आणि ३० च्या दशकांत कॅरिबियन बेटांवर 'नेग्रिस्मो' नावाची लाट आली. क्युबाच्या निकोलास गियेनचा पहिला गाजलेला संग्रह १९३० चा, प्वेर्तो रिकोच्या लुईस पालेस मातोसचा १९३७ चा. ढोलाचा ठेका, आफ्रिकी वाटणारे ध्वनी, रस्त्यावरची बोली हे सगळं कवितेत आलं. गियेन स्वतः आफ्रिकी वंशाचा होता आणि त्याच्या कवितेत राग आणि माणुसकी दोन्ही खऱ्या आहेत. पालेस मातोस गोरा होता आणि दुरून बघत होता. पण बाई आली की दोघांच्याही कवितांत बऱ्याचदा ती कंबर हलवणारी, नाचणारी, फळासारखी गोड अशीच असायची. ती बोलत नव्हती, तिच्याबद्दल बोललं जात होतं.

स्त्रियांनी पहिली गोष्ट केली ती व्याकरणातली: 'ती' काढून 'मी' लिहिलं.

हुलिया दे बुर्गोसचं नाव नेहमी पहिलं का येतं?

तिने हे फार लवकर लिहिलं म्हणून. हुलियाचा जन्म १९१४ चा, प्वेर्तो रिकोतल्या कारोलिनाचा. १९३८ च्या तिच्या पहिल्या प्रकाशित संग्रहात 'आय आय आय दे ला ग्रिफा नेग्रा' ही कविता आहे. 'ग्रिफा' म्हणजे गच्च कुरळ्या केसांची. ती म्हणते की माझा आजोबा गुलाम होता याचं मला दुःख आहे, पण तो मालक असता तर मला लाज वाटली असती. दुःख आणि लाज यांच्यातला फरक चोवीस वर्षांच्या मुलीने इतक्या स्वच्छपणे मांडला, हे वाचून मी पहिल्यांदा पुस्तक मिटून बसले होते.

कवितेचा शेवट मात्र काळ्या-गोऱ्या वंशांच्या मिलनातून येणाऱ्या भविष्याकडे जातो. पुढच्या पिढीतल्या कवयित्रींनी हा शेवट सोडून दिला. मला वाटतं ते बरोबरच केलं.

हुलिया १९५३ साली न्यू यॉर्कच्या रस्त्यावर कोसळून गेली. ओळख पटली नाही म्हणून तिला आधी बेवारस म्हणून पुरलं होतं. नंतर तिला मायदेशी नेण्यात आलं.

'त्यांनी मला काळी म्हणून ओरडलं' ही कविता कोणाची? व्हिडिओ पाहिला, पण नीट कळली नाही.

पेरूच्या व्हिक्टोरिया सांता क्रूसची, 'मे ग्रितारोन नेग्रा'. ती लिमात १९२२ साली जन्मली आणि २०१४ साली गेली. कवयित्री, नृत्यदिग्दर्शक, नाटककार असं सगळं तिच्यात होतं. भाऊ निकोमेदेससोबत १९५८ मध्ये तिने 'कुमानाना' ही नाट्यसंस्था उभी केली. पुढे पेरूच्या राष्ट्रीय लोककला पथकाची ती संचालक झाली. आफ्रो-पेरुव्हियन नाच आणि ठेके विसरले जात होते. माहिती देणारं कोणी उरलं नव्हतं तिथे तिने स्वतःच्या शरीराच्या आठवणीतून ते पुन्हा उभे केले.

कवितेमागची गोष्ट तिने स्वतः सांगितली आहे. पाचेक वर्षांची असताना ती गल्लीतल्या मुलींबरोबर खेळायची. एक दिवस सोनेरी केसांची एक नवी मुलगी आली आणि म्हणाली, ही काळी खेळणार असेल तर मी जाते. व्हिक्टोरियाला वाटलं, कालची आलेली ही कोण? पण मैत्रिणींनी व्हिक्टोरियालाच घरी जायला सांगितलं.

कवितेत मागे उभा राहिलेला समूह 'नेग्रा! नेग्रा!' असं ओरडतो. मुलगी स्वतःलाच विचारते, मी काळी आहे का? काळी असणं म्हणजे काय? तिला उत्तर माहीत नसतं, फक्त त्या शब्दात काहीतरी वाईट आहे एवढं कळतं. मग ती मागे हटते, केस सरळ करते, चेहऱ्याला पावडर लावते. हटता हटता एका क्षणी थांबते. तिथून टाळ्यांचा ठेका बदलतो आणि तोच शब्द ती स्वतः उच्चारायला लागते. शेवटी समूहही तिच्या मागून तिच्या सुरात 'नेग्रा' म्हणतो. शब्द बदलत नाही, त्याची मालकी बदलते.

ही कविता कागदावर वाचू नका, ऐका. १९७८ च्या सुमाराचं तिच्या सादरीकरणाचं चित्रीकरण इंटरनेटवर सहज मिळतं. स्पॅनिश येत नसलं तरी काय चाललं आहे ते कळतं.

क्युबाच्या नान्सी मोरेहोनची 'मुहेर नेग्रा' इतकी महत्त्वाची का मानतात?

'मुहेर नेग्रा' म्हणजे काळी स्त्री. कविता प्रसिद्ध झाली १९७५ मध्ये. बोलणारी 'मी' एकच आहे, पण ती साडेचारशे वर्षं जगते. समुद्राच्या फेसाचा वास तिच्या नाकात अजून आहे, ओलांडल्याची रात्र मात्र आठवत नाही. ती मालकाचा अंगरखा भरतकामाने सजवते, त्याचं मूल जन्माला घालते, त्या मुलाला नाव मिळत नाही. ती पळून डोंगरातल्या 'पालेंके'त जाते, म्हणजे पळालेल्या गुलामांच्या स्वतंत्र वस्तीत. आपलं खरं स्वातंत्र्य तेच, असं ती म्हणते. पुढे ती क्युबाच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या जनरल मासेओच्या घोडदळात असते, आणि शतकभराने फिदेल कास्त्रोच्या क्रांतीच्या वेळी सिएर्राच्या डोंगरातून खाली उतरते.

मधे मधे फक्त क्रियापदांच्या ओळी येतात. चालले. उठाव केला. आणखी राबले. रानात गेले. स्पॅनिशमध्ये 'मी' वेगळा लिहावा लागत नाही, क्रियापदातच तो असतो. मराठीतही तसंच, आणि वर मराठी क्रियापद बाई चालली की बुवा तेही सांगतं. 'चालले' या एका शब्दात मोरेहोनची अख्खी ओळ बसते. इंग्रजीला हे जमत नाही.

शेवटी क्रांतीनंतरच्या समाजवादी समाजाचा आनंद आहे आणि तो मनापासून आलेला आहे. पण इतिहासाची दुसरी बाजूही माहीत असावी. मोरेहोनचे पहिले संग्रह 'एल पुएंते' या तरुण लेखकांच्या प्रकाशनाने काढले होते. ते १९६५ मध्ये बंद पडलं. नव्या सरकारने वंशभेद संपल्याचं जाहीर केलं होतं आणि त्यावर बोलणं म्हणजे फूट पाडणं समजलं जायचं. १९६७ नंतर तिचा पुढचा कवितासंग्रह थेट १९७९ मध्ये आला. त्या बारा वर्षांच्या मधल्या काळातली ही कविता आहे. २००१ मध्ये तिला क्युबाचा राष्ट्रीय साहित्य पुरस्कार मिळाला.

या कवितांत आफ्रिका नेमकी कुठे दिसते?

नकाशावर कमी आणि देवघरात जास्त. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांचे देव समुद्र ओलांडून आले आणि कॅथलिक संतांच्या मूर्तींआड टिकले. समुद्राची येमाया, नदीची ओशुन, विजेचा चांगो. चौरस्त्याचा एलेग्वा, ज्याला वंदन केल्याशिवाय कोणताही विधी सुरू होत नाही. आपल्याकडे गणपतीचा मान पहिला, तसंच. मोरेहोनची एक कविता एलेग्वाच्या डोळ्यांवरच आहे.

हेओर्हिना एर्रेरा (१९३६–२०२१) मला याबाबतीत सगळ्यांत जवळची. ती क्युबाच्या मातान्सास प्रांतातल्या होवेय्यानोस गावची. हवानात येऊन घरकाम केलं, तिथल्या मोकळ्या वेळात लिहिलं, पुढे रेडिओसाठी लेखन केलं. तिच्या कवितांत अंगोलाची राणी न्सिंगा आहे, आणि १८४३ च्या मातान्सासमधल्या उठावातली फेर्मिना लुकुमी आहे. 'लुकुमी' म्हणजे क्युबात योरुबा लोकांना दिलेलं नाव. गुलामांच्या यादीत ज्यांची नावं मालकाने ठेवली, त्यांना एर्रेरा पूर्वज म्हणून हाक मारते. तिची भाषा साधी, जवळजवळ कुजबुजल्यासारखी.

सगळ्या कवितांत केस का येतात?

कारण मुलीला तिचा वंश पहिल्यांदा कळतो तो आरशासमोर, फणी अडकली की. केस सरळ करायची तापलेली फणी, रसायनं, शनिवारी दिवसभर पार्लरमध्ये बसणं हे अनेकींचं बालपण आहे. न्यू यॉर्कच्या तरुण कवयित्री एलिझाबेथ असेवेदोच्या एका कवितेत आई म्हणते, केस नीट कर. कवितेचं उत्तर असं की जे मोडलंच नव्हतं ते दुरुस्त करता येत नाही.

ब्राझील पोर्तुगीज बोलतो. त्यालाही यात धरायचं का?

धरायलाच हवं, आणि तिथून एक नाव घ्यायचं तर कॉन्सेइसाँव एव्हारिस्तुचं. १९४६ चा जन्म, बेलो होरिझाँचीच्या झोपडवस्तीत. आई लोकांचे कपडे धुवायची. स्वतः कॉन्सेइसाँवनेही घरकाम केलं, मग शिक्षिका झाली आणि पुढे डॉक्टरेट मिळवली. १९७८ पासून साओ पाउलोतून निघणाऱ्या 'कादेर्नुस नेग्रुस', म्हणजे 'काळ्या वह्या', या वार्षिक संकलनात १९९० मध्ये तिच्या कविता पहिल्यांदा छापून आल्या.

'व्होझेस-मुल्येरेस', म्हणजे 'आवाज-बाया', या कवितेत पाच पिढ्या आहेत. पणजीचा आवाज जहाजाच्या तळघरात घुमतो. आजीचा आवाज मालकांपुढे मान तुकवतो. आईचा आवाज दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात, गोऱ्यांच्या मळक्या कपड्यांच्या गाठोड्याखाली हलकेच बंड करतो. कवयित्रीचा स्वतःचा आवाज अजून गोंधळलेला आहे, त्यात रक्ताची आणि भुकेची यमकं आहेत. मुलीच्या आवाजात हे सगळे आवाज गोळा होतात. कविता लहानशी आहे, वाचायला दोन मिनिटं लागतात.

तिने घडवलेला 'एस्क्रेव्हिव्हेन्सिया' हा शब्द आता तिकडच्या विद्यापीठांत शिकवतात. लिहिणं आणि जगणं हे दोन शब्द त्यात एकमेकांत मिसळले आहेत. गुलामगिरीच्या काळात काळी दाई मालकाच्या मुलांना गोष्टी सांगून झोपवायची. एव्हारिस्तु म्हणते, आमचं लिहिणं त्यांना झोपवण्यासाठी नाही, त्यांच्या अन्यायी झोपेतून जागं करण्यासाठी आहे. २०१८ मध्ये ती ब्राझिलियन साहित्य अकादमीसाठी उभी राहिली, तेव्हा तिला एक मत मिळालं. एक. २०२२ च्या जनगणनेत त्या देशातले निम्म्याहून अधिक लोक स्वतःला काळे किंवा मिश्र म्हणवतात.

आजच्या तरुण कवयित्री कोण?

असेवेदोचं नाव वर आलंच. आईवडील डोमिनिकन, जन्म न्यू यॉर्कमध्ये १९८८ साली. 'द पोएट एक्स' या तिच्या पद्य-कादंबरीला २०१८ मध्ये अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. ती इंग्रजीत लिहिते, मधे स्पॅनिश येतं. वयाने मोठी, पण वाचायलाच हवी अशी कोस्टा रिकाची शर्ली कॅम्पबेल बार. 'रोतुंदामेंते नेग्रा' या कवितेत ती आपला आवाज, आपलं रक्त आणि आपली कातडी नाकारायला ठाम नकार देते. कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या ग्वापी गावची मेरी ग्रुएसो रोमेरो हीसुद्धा वाचायला हवी.

२५ जुलैचा या सगळ्याशी काय संबंध?

१९९२ मध्ये सांतो दोमिंगोत आफ्रो-लॅटिन आणि कॅरिबियन स्त्रियांचा मेळावा भरला आणि हा दिवस त्यांचा म्हणून ठरला. त्या दिवशी अनेक शहरांत या कविता चौकात म्हटल्या जातात.

दलित कवितेशी याचा संबंध जोडता येतो का?

काळजीपूर्वक जोडता येतो. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं होतं. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रो साहित्यावर मराठीत लिहिलं. तो धागा इंग्रजीतून आला, त्यामुळे स्पॅनिश-पोर्तुगीजमधल्या या बाया आपल्याकडे फारशा पोचल्या नाहीत. एव्हारिस्तुचा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा मला बेबी कांबळे यांच्या आत्मकथेचं नाव आठवलं, 'जिणं आमुचं'. दुसऱ्याच्या घरचं काम, आईचे हात, लिहायला सुरुवात करताना वाटणारी भीती, हे दोन्हीकडे आहे.

पण जात आणि वंश एकच नाहीत. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांची भाषा, नाव आणि गाव तिन्ही तोडली गेली. इथे माणसाला त्याच्याच गावात, गावकुसाबाहेर ठेवलं गेलं. दोन्ही दुःखांना एका साच्यात घालू नये.

आफ्रिकी वारसा आपल्या घराजवळही आहे. मलिक अंबर, जंजिऱ्याचे सिद्दी, आणि पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी गुलामांचे उत्तर कर्नाटकच्या जंगलपट्ट्यात राहणारे वंशज. गोवा आणि ब्राझील एकाच पोर्तुगीज साम्राज्याच्या वाटेवर होते. या कविता वाचल्यावर जंजिऱ्याला पुन्हा जाऊन या.

या कविता मराठीत आणताना 'नेग्रा'ला काय म्हणायचं?

'कृष्णवर्णीय' म्हणू नका. तो वर्तमानपत्राचा शब्द आहे, गल्लीत कोणी कोणाला 'ए कृष्णवर्णीय' म्हणून हाक मारत नाही. 'नेग्रा' शिवी आहे, वर्णन आहे, आणि 'मी नेग्रा', म्हणजे स्पॅनिशमध्ये 'माझी काळी', असं नवऱ्याने किंवा आईने म्हटलं तर लाडाची हाकही आहे. 'सावळी' म्हटलं तर धार जाते, विठ्ठलाची माया तेवढी शिल्लक राहते.

'त्रिगेन्या' शब्द आला तर मात्र हसू येईल इतकं सोपं आहे. 'त्रिगो' म्हणजे गहू. आपला 'गव्हाळ', लग्नाच्या जाहिरातीतला, अगदी तोच. प्वेर्तो रिकोतही तो 'काळी' म्हणणं टाळण्यासाठीच वापरतात.

'नेग्रा'साठी शब्द 'काळी'च. व्हिक्टोरियाच्या कवितेत तो दोन अक्षरांचा आहे, ने-ग्रा, आणि टाळ्या त्याच दोन ठोक्यांवर पडतात. का-ळी. पहिल्या ओरडण्यात तो जसा ठेवाल तसाच शेवटपर्यंत ठेवा. मुलगी शेवटी अभिमानाने उभी राहते म्हणून तिथे 'श्यामला' घालायचा मोह होईल. घालू नका.